पहाटेचा धागा, ईदचा कुर्ता

पहाटेचा काळोख अजून हललेला नसतो. सहेरीची वेळ संपत आल्याची सूचना मशिदीतून होते. घराघरांत चहाचा शेवटचा घोट घेतला जातो, कुणी घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावतो. आज ही वेळ छापील तक्त्यात मिनिटांसह मिळते, मोबाईलही ती सांगतो. चौदाशे वर्षांपूर्वी ना तक्ता होता ना घड्याळ. रोजा नेमका कधी सुरू होतो हे समजावण्यासाठी पवित्र कुरआनाने एक उपमा वापरली, ती धाग्याची. पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा आहे, असा सूरह बकरातील त्या आयतीचा आशय आहे.

या आयतीची एक गोष्ट हदीसच्या ग्रंथांत आहे. अदी बिन हातिम नावाचे एक सहाबी, म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सोबती होते. दानशूरपणासाठी ज्याचे नाव आपल्याकडेही घेतले जाते त्या हातिमताईचे हे चिरंजीव. त्यांनी आयतीचा अर्थ शब्दशः घेतला. उशीखाली एक पांढरी आणि एक काळी दोरी ठेवली आणि रात्री उठून उठून ते पाहत राहिले. अंधारात काही वेगळे दिसेना. सकाळी त्यांनी ही अडचण प्रेषितांना सांगितली. तेव्हा प्रेषितांनी थट्टेने म्हटले, की तुमची उशी फारच रुंद दिसते. आणि मग समजावले, की हा धागा दोरीचा नव्हे, रात्रीच्या काळोखाचा आणि पहाटेच्या उजेडाचा आहे.

त्याच आयतीत आणखी एक उपमा आहे. पती आणि पत्नी एकमेकांचे लिबास आहेत, म्हणजे एकमेकांचे वस्त्र आहेत. वस्त्र अंगाच्या सर्वांत जवळ असते, झाकते, ऊब देते. रोजाचे नियम सांगणारी आयत अशी वस्त्रापासून निघून धाग्यापर्यंत जाते. म्हणूनच रमजानच्या महिन्यात धाग्याचा आणि कापडाचा विचार करणे अगदीच आडवळणाचे नाही. आणि वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्यात धागा म्हटले की पहिली आठवण येते ती कापसाची.

शब्दांची ये-जा

कापडाच्या दुकानात एखादी गृहिणी साडीचा पदर बोटांत चुरगाळून विचारते, ‘प्युअर कॉटन आहे ना?’ तेव्हा नकळत ती एक अरबी शब्द उच्चारत असते. कापसाला अरबीत ‘कुत्न’ म्हणतात. अरबांनी कापसाची शेती स्पेन आणि सिसिलीपर्यंत नेली, तिच्यासोबत हा शब्दही गेला. स्पॅनिश भाषेत त्याचे ‘अल्गोदोन’ झाले, इटालियनमध्ये ‘कोतोने’, फ्रेंचमध्ये ‘कोतों’ आणि इंग्रजीत ‘कॉटन’. इंग्रजांबरोबर तो भारतात आला आणि आपल्या पेठांत ‘कॉटन’ म्हणून रुळला.

आपला शब्द उलट्या दिशेने निघाला. संस्कृत ‘कर्पास’ किंवा ‘कार्पास’ यातून मराठीत ‘कापूस’ आला, हिंदी-उर्दूत ‘कपास’. हाच शब्द पश्चिमेकडे जाऊन ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’ आणि लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ झाला. फारसीत जाड्याभरड्या सुती कापडाला ‘करबास’ म्हणतात. म्हणजे इथला शब्द तिकडे गेला आणि तिकडचा इथे आला. दोन्हींचा अर्थ एकच, मऊ आणि पांढरा.

मराठी बाजारात तर या मालाला टप्प्याटप्प्याने वेगळे नाव मिळते. झाडाला विदर्भात ‘पऱ्हाटी’ म्हणतात. फळ ते ‘बोंड’. बोंडातून वेचला तो ‘कापूस’, त्यातून निघणारे बी ‘सरकी’ आणि सरकी काढून उरते ती ‘रुई’. रुईची बांधली ती ‘गाठ’, रुई कातली की ‘सूत’, सूत विणले की ‘कापड’ आणि कापड फाटले की ‘चिंधी’. उर्दूत रुईला फारसी वळणाचा ‘पंबा’ असाही शब्द आहे. ज्याच्या कानात कापूस घातलेला आहे तो ‘पंबा-दर-गोश’, म्हणजे सांगितलेले ऐकून न घेणारा. मराठीत आपण म्हणतो, ‘याने कानात बोळे घातलेत.’ दोन भाषांनी एकमेकींची नक्कल केलेली नाही. एकच कापूस दोघींच्या घरात होता.

कापडाची नावेही अशीच फिरली. मुंबईतल्या डोंगरीच्या नावाशी ज्या जाड्याभरड्या सुती कापडाचे नाव जोडले जाते, त्यावरून इंग्रजीत कामगारांच्या पोशाखाला ‘डंगरी’ म्हणू लागले. फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, तिच्या रंगाचे कापड ते ‘खाकी’. रुमाल, चादर, पायजमा, अस्तर, रफू हे शब्द फारसीच्या वाटेने आले आणि आता कुणाला ते परके वाटत नाहीत. रफू करणाऱ्याची खरी कसोटीच ही असते, की नवा धागा जुन्यात कुठे मिसळला ते दिसू नये.

काळ्या मातीतले पांढरे पीक

या उपखंडाचे आणि कापसाचे नाते फार जुने आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून माल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे आणि तेरच्या मालात साध्या कापडापासून मलमलीपर्यंत सुती वस्त्रे आहेत. अरबस्तानात इस्लामचा उदय झाला त्याच्या पाच-सहाशे वर्षे आधीच इथल्या कापडाने समुद्र ओलांडला होता.

वनस्पती म्हणून कापूस मोठा मजेदार. अमेरिकन वाणाचे फूल पहिल्या दिवशी फिकट पांढरे-पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि गळून पडते. मागे बोंड धरते. ते पिकले की चार-पाच पाकळ्यांत उकलते. ज्याला आपण कापूस म्हणतो ते म्हणजे सरकीच्या सालीवरचे केस. त्यातला प्रत्येक तंतू ही एकच लांबलचक पेशी असते आणि एकेका सरकीवर असे हजारो तंतू असतात. झाडाने ही मऊ दुलई आपल्या बीसाठी केलेली. माणसाने ती अंगावर घेतली.

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध झाले. तिथला कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज भासली आणि भाव आभाळाला भिडले. खामगाव, अमरावतीच्या पेठा फुलल्या, त्यांना मुख्य मार्गाशी जोडणारे रेल्वेफाटे 1870 च्या सुमारास झाले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. परदेशातल्या घडामोडीने इथल्या शेतकऱ्याचे भवितव्य ठरण्याची सुरुवात तेव्हापासूनची आहे. पुढे 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, उत्पादन वाढले, खर्चही वाढला. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने तीच बोंडे आतून पोखरली. विदर्भातला बहुतांश कापूस आजही पावसाच्या पाण्यावर येतो आणि पाऊस कुणाच्या हातात नसतो.

रमजान या पिकाच्या प्रत्येक अवस्थेला भेटून जातो. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने हा महिना दरवर्षी थोडा मागे सरकतो. 2015 मध्ये तो जूनच्या उत्तरार्धात सुरू झाला, ऐन पेरणीच्या वेळी. त्याआधी 2005 मध्ये तो ऑक्टोबरात आला होता, वेचणीच्या हंगामात. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. पहिल्या वेचणीला विदर्भात शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून ‘सीतादही’ करतात. अशा वर्षी एकाच ओळीत वेचणाऱ्या बायांपैकी एक सीतादहीचा प्रसाद घेते, तर शेजारची रोजा असल्याने तो पदरात बांधून संध्याकाळसाठी घरी नेते. बोंडाची वाळलेली टोके मात्र दोघींच्या बोटांना सारखाच ओरखडा काढतात.

‘पिंजून काढणे’ कुठून आले?

निवडणूक आली की वर्तमानपत्रात हमखास वाक्य येते, उमेदवाराने मतदारसंघ पिंजून काढला. चोराच्या शोधात पोलीस जंगल पिंजून काढतात. हा शब्द ज्याच्या अवजारातून मराठीत आला तो माणूस मात्र आता गल्लीत दिसेनासा झाला आहे.

दिवाळीनंतर थंडीची चाहूल लागली की पिंजारी येई. खांद्यावर धनुष्यासारखे लांब पिंजण, त्याला ताणलेली आतड्याची तात, हातात लाकडी मोगरी. अंगणात किंवा वाड्याच्या ओसरीवर तो जुन्या गाद्या उसवी. वर्षभर अंगाखाली दबून दगडासारख्या झालेल्या रुईत तात धरून तो तिच्यावर मोगरीचा ठोका देई. तुंण-तुंण असा नाद गल्लीभर घुमे आणि रुईचे गोळे ढगांसारखे उडत. मुले भोवती जमत, आजी दारात बसून ‘रुई मोजून घेतली आहे हो’ असे बजावी. लग्नघरात मुलीबरोबर द्यायच्या गाद्या-उशा हाच भरून देई. कुणाच्या घरात किती उशा आहेत, कुठल्या गादीत आजोबांच्या वेळची रुई आहे, हे पिंजाऱ्याला पाठ असे. हा माणूस बहुधा मुसलमान, आणि त्याची गिऱ्हाइके सगळ्या धर्मांची.

महाराष्ट्रात या समाजाची तीन नावे प्रसिद्ध आहेत. ‘पिंजारी’ हे मराठी. ‘नदाफ’ हे अरबी ‘नद्दाफ’चे रूप, अर्थ तोच, कापूस पिंजणारा. तिसरे ‘मन्सुरी’, आणि या नावामागे बगदादची एक गोष्ट आहे. मन्सूर हल्लाज हे नववे शतक सरताना आणि दहावे सुरू होताना होऊन गेलेले सूफी. ‘हल्लाज’ म्हणजेही कापूस पिंजणारा. त्यांच्याविषयीच्या कथा फरीदुद्दीन अत्तार यांनीही सूफी संतांच्या चरित्रग्रंथात नोंदवल्या आहेत. एक कथा अशी सांगतात, की हल्लाज एका पिंजाऱ्याच्या दुकानी गेले आणि त्याला एका कामासाठी बाहेर पाठवले. माझा धंदा अडेल, अशी त्याची तक्रार होती. तो परत येऊन पाहतो तो सगळा कापूस पिंजून तयार. सरकी एकीकडे, रुई एकीकडे. पुढे ‘अनल हक’, मीच सत्य आहे, या उद्गारासाठी ते प्रसिद्ध झाले आणि 922 मध्ये बगदादमध्ये त्यांना देहदंड देण्यात आला. पिंजारी समाज त्यांचे नाव आपल्या नावात सांभाळतो. उत्तरेत संत दादू दयाळ यांनाही परंपरा पिंजाऱ्याच्या घरातले मानते.

हे काम वाटते तितके हलके नव्हते. रुईची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दम लागतो. वैद्यकशास्त्रात या विकाराला बिसिनोसिस असे नाव आहे. इतरांना ऊबदार झोप देणाऱ्याची स्वतःची झोप खोकल्याने मोडे. आधी पिंजण्याची यंत्रे आली, मग फोमच्या आणि स्प्रिंगच्या गाद्या आल्या. आज नदाफांची आणि मन्सुरींची मुले शिक्षक आहेत, रिक्षा चालवतात, संगणकावर काम करतात. धंदा सुटला याचे दुःख करण्यापेक्षा छातीतली धूळ सुटली याचा आनंदच मानायला हवा. तरीही एक गोष्ट गेली. वर्षातून एकदा एक मुसलमान कारागीर हिंदू घराच्या ओसरीवर दिवसभर बसत असे, तिथलाच चहा पीत असे, घरातल्या सुखदुःखाची चौकशी करत असे. फोमची गादी घरपोच येते, तिच्याबरोबर अशी चौकशी येत नाही.

उभा धागा, आडवा धागा

मागावर दोन प्रकारचे धागे असतात. उभा ताणलेला तो ताणा, त्यातून आडवा जाणारा तो बाणा. एकट्या ताण्याचे कापड होत नाही, एकट्या बाण्याचेही नाही. महाराष्ट्रातले विणकरही असेच वेगवेगळे. साळी, कोष्टी, हलबा, तेलंगणातून सोलापुरात आलेले पद्मशाली, आणि मोमीन. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकरांची अनेक कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. काही मालेगावात थांबली, काही भिवंडीत. हातमाग गेले, यंत्रमाग आले. आज मालेगावात यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस चालते. ती थांबते शुक्रवारी आणि ईदच्या दिवसांत. अचानक शांतता पसरली की लहान मुलालाही कळते, आज जुम्मा आहे.

या कामाच्या प्रत्येक पायरीला एक थोर नाव जोडलेले आहे. पिंजणाऱ्याचे मन्सूर हल्लाज. विणणाऱ्याचे कबीर, जे स्वतः जुलाहा होते. साळी समाज भगवान जिव्हेश्वरांचे नाव घेतो. शिवणाऱ्यांत शिंपी समाज संत नामदेवांचे नाव सांगतो, तर मुसलमान दर्जी सुईचे पहिले काम हजरत इद्रीस यांचे मानतात. नावे वेगळी आहेत, सुईचे नेढे एकच आहे.

धर्माचा नियम आणि विणकराची कल्पकता यांची गाठ पडली की काय होते, याचे सुंदर उदाहरण म्हणजे ‘मशरू’. मुसलमान पुरुषाने रेशीम घालू नये असा दंडक आहे. मग विणकराने असे कापड विणले, की त्याचा दर्शनी भाग रेशमाचा चकाकतो आणि अंगाला लागतो तो कापूस. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच शरीअतला मान्य असलेले. औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे ‘हिमरू’ही कापूस आणि रेशीम यांच्या मिलाफातून होते. मुहम्मद बिन तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या कारागिरांशी तिथली परंपरा या कलेचे नाते जोडते. ही वस्त्रे मुसलमान अमिरांनी नेसली तशी हिंदू सरदारांनीही. अंगाला कापूस लागावा ही सोय सगळ्यांनाच हवीशी होती.

वात आणि फाया

संध्याकाळी एका घरात देवापुढे कापसाची वात लागते. चातुर्मासात आजीबाई लाख वातींचा संकल्प सोडतात. पूजेत देवाला कापसाचे वस्त्र वाहतात, हळदीकुंकवाची बोटे लावून नाजूक माळ करतात. शेजारच्या घरात ईदच्या सकाळी अत्तराची कुपी उघडते. कापसाचा इवलासा बोळा अत्तरात बुडवून कानाच्या पाळीत खोचतात, त्याला फाया म्हणतात. नमाजहून परतणारा माणूस गळाभेट घेतो तेव्हा समोरच्याला आधी भेटतो तो त्या फायाचा सुगंध. ईद मुबारक द्यायला आलेल्या मित्राच्याही कानात फाया खोचला जातो, त्याचा धर्म कुणी विचारत नाही. कापूस तेल धरतो तसे अत्तरही धरतो आणि दोन्ही थोडेथोडे करून देत राहतो. मन्सूरची कथा लिहिणाऱ्या फरीदुद्दीनांचे ‘अत्तार’ हे नावही सुगंधी द्रव्यांच्या धंद्यावरून पडलेले.

एका कुर्त्याचा हिशेब

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की कापडबाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो. तरावीहची नमाज आटोपून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. शिंप्याकडे ‘आता ऑर्डर बंद’ अशी पाटी लागते. याच गर्दीत एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

मोठ्या माणसाच्या सुती कुर्ता-पायजम्याच्या कापडाला सहाशे-सातशे ग्रॅम रुई लागते असे धरू. एक क्विंटल कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे एका पोशाखामागे दोन किलो कापूस आला. एका चांगल्या बोंडात चारेक ग्रॅम कापूस भरतो. म्हणजे सुमारे पाचशे बोंडे. पाचशे वेळा कुणाची तरी बोटे उन्हात त्या काटेरी टोकांमध्ये गेली तेव्हा ईदचा एक जोड उभा राहिला. क्विंटलला सात-आठ हजार रुपये भाव मिळाला तर त्या दोन किलोंचे शेतकऱ्याच्या हाती दीडशे रुपयांच्या आसपास पडतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा करायची. दुकानात त्याच पोशाखाची किंमत किती, हे खरेदी करणाऱ्याला ठाऊकच असते.

शेतमालाच्या बाबतीत इस्लाममध्ये ‘उश्र’ नावाचे दान आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि कष्टाने पाणी देऊन वाढवलेल्या पिकाचा विसावा. पाणी देण्यासाठी ज्याने अधिक घाम गाळला त्याच्याकडून कमी घ्यायचे, हा त्यामागचा न्याय. नियम पिकवणाऱ्यासाठी आहे, पण त्यातली दृष्टी विकत घेणाऱ्यालाही उपयोगी पडावी. समोरच्याचे कष्ट किती, हे देण्याघेण्याआधी पाहायचे.

व्यापाऱ्यांसाठी इमाम अबू हनीफा यांची गोष्ट सांगितली जाते. हनफी परंपरेचे हे इमाम स्वतः कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. एकदा त्यांनी भागीदाराकडे माल पाठवला आणि बजावले, की यातल्या एका कापडात दोष आहे, गिऱ्हाइकाला दाखवून मगच विक. भागीदार सांगायला विसरला. माल विकला गेला, आणि दोषाचे कापड कुणी नेले ते आठवेना. तेव्हा इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम दान करून टाकली. ‘शंभर टक्के कॉटन’ अशी चिठ्ठी लावून मिश्र धाग्याचे कापड खपवणाऱ्या बाजारात ही गोष्ट जुनी झालेली नाही.

खिसा नसलेले वस्त्र

कापसाची शेवटची भेट सर्वांनाच ठरलेली आहे. हजला जाणारा पुरुष न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे पांघरतो. श्रीमंत आणि गरीब त्यात ओळखू येत नाहीत. जग सोडताना पुरुषाला तीन आणि स्त्रीला पाच वस्त्रांचे कफन असते. शेजारच्या स्मशानाकडे जाणारा माणूसही कोऱ्या पांढऱ्या कापडातच जातो. या ‘कफन’ शब्दातूनच मराठीला ‘कफनी’ मिळाली. फकीर अंगात कफनी घालतो ती मरणाआधीच ‘मी, माझे’ सोडल्याची खूण म्हणून. शिर्डीच्या साईबाबांची कफनी तर महाराष्ट्रात प्रत्येक घराला परिचयाची आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे कफन तीन पांढऱ्या येमेनी वस्त्रांचे होते आणि ती वस्त्रे कापसाची होती, असे त्यांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. त्या कथनात कापसासाठी ‘कुरसुफ’ हा शब्द येतो. पुढे त्यांचे वडील, पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मुलीला विचारले, प्रेषितांना किती वस्त्रांत कफन दिले होते? उत्तर ऐकून त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या जुन्या वस्त्राकडे पाहिले. त्यावर केशराचा डाग होता. हे धुऊन घ्या, याला आणखी दोन जोडा आणि त्यातच मला कफन द्या, असे ते म्हणाले. हे तर जुने झाले आहे, असे आयेशा म्हणाल्या. तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते, की नव्या कापडाची गरज मेलेल्यापेक्षा जिवंत माणसाला अधिक असते.

ज्यांच्या हाती राज्य होते त्यांनी स्वतःसाठी नवे कापड नाकारले, कारण कुणीतरी उघडे होते. रमजानच्या अखेरच्या रात्री कापडाच्या दुकानात आपल्या मुलांचे जोड बांधून झाल्यावर काही गिऱ्हाइके आजही दुकानदाराला हळूच सांगतात, ‘याच मापाचा आणखी एक द्या.’ तो कुणासाठी, हे दुकानदार विचारत नाही. घरकाम करणाऱ्या मावशीच्या मुलासाठी असेल, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याच्या लेकीसाठी असेल, किंवा ज्यांच्या शेतात या वर्षी बोंडेच उकलली नाहीत अशा कुणासाठी असेल. पुडके बांधायला दुकानदार सुताची गुंडी ओढतो, दोन वेढे जास्तीचे देतो आणि पक्की गाठ मारतो.